मुन्शी घाट ते लंका: आजारी मुलांबरोबरचा एक दिवस

पहाटे 5

उठल्यावर पहिलं काम पिशवी भरण्याचं. प्रत्येक मुलाची प्लास्टिकची फाइल वेगळी. आत जन्मदाखला, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, जुने केसपेपर, इकोचा किंवा एमआरआयचा अहवाल. वर चिकटवलेल्या कागदावर मुलाच्या नावाखाली एकच शब्द असतो: 'आयुष्मान', 'ईएसआय', 'रेल्वे', 'पॉलिसी' किंवा 'काही नाही'. आजाराचं नाव आतल्या पानावर. मूल कुठल्या दाराने आत जाणार, वाटेत किती टेबलं लागणार आणि कुठे अडकणार, हे आजारापेक्षा त्या वरच्या शब्दावरून आधी कळतं.

आमचं मराठी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या काशीत आहे. घर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. हा घाट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर दरबारातले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. पुढे वरचा वाडा दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आज तिथे महागडं हॉटेल आहे. एका बाजूला अहिल्याबाईंचा घाट, त्यापलीकडे दशाश्वमेध. जगभरातले लोक त्या वाड्याचे फोटो काढतात. त्याच्या पायऱ्यांवर पोट भरणाऱ्यांत नावाडी आहेत, धोबी आहेत, चहावाले, मालिशवाले, फुलं आणि दिवे विकणाऱ्या बाया आहेत, हॉटेलांतले आचारी आणि सफाई कामगार आहेत. महिन्याच्या पगाराची चिठ्ठी यांतल्या फारच थोड्यांच्या हातात पडते. आम्ही चार-पाच जण देणग्यांवर एक छोटा गट चालवतो. या लोकांच्या आजारी मुलांना तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं, एवढंच आमचं काम.

सकाळी 6.30

नावाड्याची बायको मुलीला कडेवर घेऊन दारात उभी. मुलगी चार वर्षांची, पण कुणी अडीचची म्हणेल. खेळताना धाप लागते, जेवता जेवता थकते, साधी सर्दी झाली की छातीत उतरते. घरचे म्हणत होते, अंगकाठीच तशी आहे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयात वेगळा आवाज येतोय असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. मराठी वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे: या कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतला उशीर, असं चारही बाजूंनी पाहायचं. तपासणाऱ्याने मुलाला आधी विमा विचारायचा नाही, हे या कार्यक्रमात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मूल दिसलं की तपासायचं. चिठ्ठी हातात पडल्यावर मात्र प्रश्न सुरू होतात.

"कार्ड त हौ न, दीदी," असं मुलीचा बाप मला पुन्हा पुन्हा सांगतो. कार्ड आहे, खरंच आहे. त्याचं स्वतःचं, बायकोचं, म्हाताऱ्या आईचं. मुलीचं नाही.

याचं कारण योजनेच्या पायातच आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 ला रांचीत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार, कुटुंबात माणसं किती याला मर्यादा नाही, वयाची अट नाही, आधीपासूनचा आजारही चालतो. एवढी मोठी सोय गरिबाच्या वाट्याला याआधी कधी आली नव्हती, हे मी कुणापुढेही म्हणेन. पण कुटुंबं निवडली ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक आणि जातगणनेच्या यादीतून. ज्या मुलांसाठी मी धावते त्यांतली बहुतेक 2011 साली जन्मलीच नव्हती. ती नंतर जोडावी लागतात. त्यासाठी जन्मदाखला हवा, आधार हवं, रेशनकार्डावर नाव हवं आणि तिन्हीकडे ते एकसारखं लिहिलेलं हवं. या मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आहे, आधारावर सासरचं. मुलीच्या नावाच्या जागी नुसती रेघ.

तिच्या फाइलवर मी 'आयुष्मान' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सकाळी 8 ते 11.30

गोदौलियापर्यंत चालत, तिथून टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, मदनपुरा, सोनारपुरा, मग लंका. बीएचयूच्या सिंहद्वारातून आत शिरलं की डाव्या-उजव्या हातांना झाडंच झाडं आणि त्यांच्या सावलीत गावंच्या गावं बसलेली. सर सुंदरलाल रुग्णालय, ज्याला इथे सगळे नुसतं 'बीएचयू' म्हणतात, ते फक्त बनारसचं नाही. गाझीपूर, बलिया, मिर्झापूर, सोनभद्र, पलीकडे बिहारातलं कैमूर आणि रोहतास, झारखंडातलं गढवा, मध्य प्रदेशातलं सिंगरौली, सगळीकडची मुलं इथेच येतात. लहान मुलांच्या हृदयाचं किंवा मेंदूचं वेगळं शिक्षण घेतलेले डॉक्टर एवढ्या मोठ्या मुलखात बोटांवर मोजण्याइतके.

केसपेपरची रांग, मग बालरोगाची, मग हृदयविभागाची, मग इकोची वेळ घेण्याची. या चारही रांगांत आयुष्मान कार्ड काही कामाचं नाही, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच तिची हद्द. भरतीविना नुसतं डॉक्टरांना दाखवणं, तपासण्या करणं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येणं, रोजची औषधं, हे सगळं तिच्या बाहेर.

मोठ्या माणसाचं बऱ्याचदा एकदम होतं. छातीत कळ येते, घरचे उचलून नेतात, भरती करतात आणि कार्ड चालतं. मुलांचं दुखणं तसं येत नाही. वजन वाढत नाही, पावलं वाकडी पडतात, हाक मारली तर वळून पाहत नाही, एक डोळा आत जातो. यातलं काहीही खाटेवर झोपवण्यासारखं नसतं. त्याला तज्ज्ञाच्या नजरेची गरज असते, तीही पुन्हा पुन्हा आणि वेळेत. तज्ज्ञाकडे जाणारा मुलाचा रस्ता ओपीडीतून जातो आणि आपल्या देशातले गरिबांचे आणि मध्यमवर्गीयांचेही बहुतेक विमे खाटेपाशी सुरू होतात. इतकी वर्षं मुलांबरोबर रांगेत उभी राहिल्यावर सांगण्यासारखी माझ्याजवळ हीच एक गोष्ट आहे.

वेळ म्हणजे काय, तेही या रांगेतच शिकायला मिळतं. वाकड्या पायाचं प्लास्टर जन्मानंतर पहिल्या आठवड्यांत सुरू केलं तर बहुतेकदा मोठं ऑपरेशन टळतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळ्याचा पडदा महिन्याच्या आत तपासला नाही तर ते आयुष्यभरासाठी आंधळं होऊ शकतं. ऐकू न येणाऱ्या बाळाला जितक्या लवकर आवाज मिळेल तितकी भाषा येते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असेल तर जादा रक्ताचा लोंढा फुप्फुसांकडे जात राहतो, तिथल्या नळ्या जाड आणि कडक होत जातात आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. छिद्र तेच राहतं, उपाय हातचा जातो.

साडेदहाला आमचा नंबर लागला. इकोच्या खोलीत मुलगी अजिबात रडली नाही. पडद्यावरचे लाल-निळे रंग ती टक लावून बघत होती. छिद्र मोठं आहे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, फुप्फुसांवरचा दाब वाढलाय पण अजून वेळ आहे, ऑपरेशन करून टाकू, सहा महिने मात्र थांबू नका.

बापाने आज नाव काढली नाही. हंगामातला दिवस बुडाला. त्याची भरपाई कुठलीच योजना करत नाही आणि पुढच्या प्रत्येक तारखेला हाच हिशेब त्याच्या मनात असणार आहे. तारीख चुकवणाऱ्या आईबापांना रांगेतले लोक बेफिकीर म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मी बेफिकीर आईबाप फारसे पाहिलेले नाहीत.

दुपारी 12

आयुष्मानच्या खिडकीमागचा आरोग्यमित्र मला ओळखतो. हा तरुण दिवसभर लोकांची बोलणी खात असतो, तरी त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्याने बापाचं कार्ड उघडलं, 'सदस्य जोडा'वर गेला, मुलीचा फोटो घेतला आणि नावाशी येऊन थांबला. आधी जन्मदाखल्यावर मुलीचं नाव चढवून आणा, आईच्या दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र आणा, मग मी पाठवतो. मंजुरी वरून येते, त्याच्या हातात नाही. नाव जोडलं गेलं की शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी मागायची. त्यासाठी इकोची चित्रं, डॉक्टरांची शिफारस आणि पॅकेजचा क्रमांक, सगळं एकदम अपलोड.

दुसरी वाट मी मनात तयारच ठेवते. अंगणवाडीतल्या चिठ्ठीचा धागा धरून बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनच ऑपरेशन होऊ शकतं. उत्तर प्रदेशातल्या अनेक मुलांची हृदयं या वाटेने अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात दुरुस्त झाली आहेत. तिथे आयुष्मान कार्डावरच्या नावाशिवाय काम होतं. मात्र अलीगढ म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास, आणि जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र निघायला हवं. तिसरी वाट श्री सत्य साई संजीवनीच्या रुग्णालयांची. छत्तीसगडात नवा रायपूरला आहे, आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन पूर्ण मोफत होतं. विमा कुठला हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, कारण पैशांची खिडकीच ठेवलेली नाही. रांग मात्र आहे, देशभरातली.

बापाला मी तिन्ही वाटा समजावल्या. त्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या वाटेने न्याल?" मी म्हटलं, तिन्हीकडे एकदम अर्ज टाकू. जी आधी उघडेल ती आपली.

दुपारी 1.15

लंकेवरून महमूरगंज. फाइलीवर 'पॉलिसी' लिहिलेलं मूल क्वचित माझ्याकडे येतं, आज एक आहे. साडीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाने काटकसर करून कुटुंबाची आरोग्य पॉलिसी घेतली. बाळ जन्मलं ते दुभंगलेल्या ओठाचं. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत बाळ जन्मानंतर साधारण नव्वद दिवसांनी येतं, तोवर ते कुणाचंच नसतं. नव्वद दिवस झाल्यावर यांनी अर्ज केला. उत्तर आलं: बाह्य जन्मजात व्यंग, पॉलिसीत बसत नाही. 2019 मध्ये विमा नियामकाने शरीराच्या आतली जन्मजात दुखणी वगळायला मनाई केली, पण बाहेरून दिसणारं व्यंग वगळण्याची मुभा राहिली. हृदयातलं छिद्र चालतं, ओठातली फट चालत नाही. दोन्ही एकाच गर्भात, एकाच काळात घडतात. त्यात बाळाने काय फरक करायचा होता, हे मला कुणी समजावून सांगावं.

महमूरगंजला जी. एस. मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुबोधकुमार सिंह अनेक वर्षं 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने ही ऑपरेशनं फुकट करत आले आहेत. मिर्झापूरकडच्या पिंकी नावाच्या मुलीवर इथेच शस्त्रक्रिया झाली. 'स्माइल पिंकी' हा मेगन मायलन यांचा माहितीपट त्यावरच आहे, त्याला 2009 साली ऑस्कर मिळालं. पॉलिसीवाल्या बापाला इथे यायचा संकोच वाटत होता. फुकट म्हणजे गरिबांसाठी, आपण हप्ता भरतो, असं त्याच्या मनात. मी म्हटलं, दादा, ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवायचा असतो आणि टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोलायला लागायच्या आधी. संकोच त्यानंतर करा. इथे बाळाचं वजन केलं, रक्त घेतलं, दूध कसं पाजायचं ते आईला दाखवलं. आई बाहेर आली ती हलकी होऊन.

जेवण म्हणजे वाटेतल्या टपरीवर दोन पुऱ्या-भाजी. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी 2.30

पांडेपूर. इथे कर्मचारी राज्य विमा निगमचं, म्हणजे ईएसआयसीचं रुग्णालय आहे. माझ्याबरोबर घाटाजवळच्या एका लॉजमधला आचारी आणि त्याचा पाच वर्षांचा मुलगा. मुलाला ताप नसताना झटके येतात, डोळे वर जातात, दोन मिनिटं शुद्ध नसते. त्याला मेंदूच्या आलेखाची आणि लहान मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञाची गरज आहे.

ईएसआयबद्दल लोक तक्रारीच करतात. मी आधी तिची बाजू मांडते. 1948 च्या कायद्याने आलेली ही सोय आहे. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि त्यात घरच्यांसाठी ओपीडी आहे, गोळ्या-औषधं आहेत. आयुष्मानला जे जमत नाही तेच इथे कागदावर पूर्ण आहे. झटक्यांच्या मुलाला वर्षानुवर्षं रोज औषध घ्यायचं असतं. कागदाप्रमाणे चाललं तर या मुलासाठी देशात यापेक्षा चांगला विमा नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, उतरंड. आधी दवाखाना, तिथून या रुग्णालयात, इथे तज्ज्ञ नसेल तर करार केलेल्या बाहेरच्या रुग्णालयात, आणि प्रत्येक पायरीवर शिफारसपत्र. दुसरी, बापाची नोकरी. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढल्या जानेवारी ते जूनचा हक्क ठरतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. मध्ये ठेकेदार बदलला, नव्याने चार महिने वर्गणीच भरली नाही, आणि संगणकावर मुलाच्या बापाचं नाव आता पिवळ्या पट्टीत येतं, म्हणजे सध्या हक्क नाही. खर्चिक उपचारांसाठी बाहेर पाठवायचं तर सलग वर्गणीची अट आणखी कडक. खिडकीमागच्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "ठेकेदाराकडून चलन आणा, मी आजच्या आज पुढे पाठवते," त्या म्हणाल्या, आणि त्या खरंच पाठवतील.

आचारी पगारातून कपात होते आहे असंच धरून चालला होता. चिठ्ठी त्याने कधी पाहिली नव्हती.

ठेकेदाराने न भरलेल्या पैशांमुळे मुलाच्या मेंदूचा आलेख लांबतो. हे वाक्य मी फाइलीत तसंच लिहून ठेवलं.

दुपारी 4

घरी येऊन फोनचा तास. बाहेरच्या तज्ज्ञांच्या, बालरुग्णालयांच्या तारखा मी फोनवरून घेते. मुलाला काय झालंय हे सांगायच्या आत पलीकडून प्रश्न येतो, "कैश है, कैशलेस है कि आयुष्मान?" 'कॅश' म्हटलं की उद्या सकाळ. 'आयुष्मान' म्हटलं की डॉक्टर त्या दिवशी नसतात, कधी त्या महिन्यात नसतात. सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी आवाजातला गोडवा शेवटपर्यंत टिकतो आणि तारीखही मिळते. त्या जागांची नावं मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते.

हे केवळ आपल्याकडचं आहे असं वाटून पूर्वी मला लाज वाटायची. मग जून 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास वाचनात आला. जोआना बिसगायर आणि कॅरिन ऱ्होड्स या दोघींचा. शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत त्यांनी 273 तज्ज्ञांच्या दवाखान्यांना आईच्या भूमिकेतून फोन करवले, प्रत्येकाला दोनदा, महिन्याच्या अंतराने. मूल तेच, तक्रार तीच, फक्त विमा वेगळा सांगायचा. एकदा खासगी, एकदा सरकारी, म्हणजे गरीब मुलांसाठीचा मेडिकेड-चिप. सरकारी विमा सांगितल्यावर 66 टक्के वेळा तारीख नाकारली गेली, खासगी सांगितल्यावर 11 टक्के. ज्या दवाखान्यांनी दोघांनाही तारीख दिली तिथेही सरकारी विम्याच्या मुलाला सरासरी 22 दिवस जास्त थांबावं लागलं. अमेरिकेतल्या त्या सरकारी विम्यात ओपीडीचा खर्च धरलेला असतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. कागदावर हक्क पूर्ण होता तरी दार उघडलं नाही, कारण सरकार डॉक्टरांना देतं ती रक्कम खासगी कंपन्यांच्या मानाने कमी. आपल्याकडेही आयुष्मानच्या पॅकेजच्या दरांबद्दल आणि उशिरा येणाऱ्या पैशांबद्दल खासगी रुग्णालयं तेच म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दर ठरवणाऱ्याने मुलाचा विचार केला नाही तर फोन उचलणारी मुलगी तरी काय करणार?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचा फोन आला. पिंडदानाला आले होते तेव्हा ओळख झालेली. त्यांच्या नातवाला तिरळेपणा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला लागू होईल का, असा प्रश्न. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी ही योजना जाहीर केली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली होती. मी त्यांना म्हटलं, मोठ्या माणसांचं भांडण मिटेपर्यंत नातवाचा डोळा थांबणार नाही. सहा-सात वर्षांपर्यंत मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष द्यायला शिकतो, नंतर फार अवघड. योजनेची वाट बघू नका, आधी जवळच्या सरकारी नेत्रविभागात दाखवा, चष्मा आणि पट्टी तिथेच सुरू होईल.

संध्याकाळी 5.30

गल्लीच्या तोंडाशी धावपळ. पुण्याचं एक जोडपं दोन वर्षांच्या मुलाला घेऊन विश्वनाथाच्या दर्शनाला आलेलं. मुलाला ताप होता आणि एकाएकी आकडी आली. कुणी तरी माझ्याकडे आणलं, मराठी आहेत म्हणून. मुलगा तोवर शुद्धीवर आला होता. कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एवढं मी आईला सांगितलं आणि रिक्षा बोलावली.

बापाच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी आहे. त्यात मूल जन्माच्या दिवसापासून येतं. रिक्षात बसल्या बसल्या त्याने मदत क्रमांकावर फोन लावला, त्यांनी जवळचं करारातलं रुग्णालय सांगितलं. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात द्यायची असा नियामकाचा 2024 पासूनचा नियम आहे आणि ती तासाच्या आत आलीही. सातच्या सुमारास लहान मुलांचे मेंदूविकार तज्ज्ञ येऊन मुलाला बघून गेले. तापामुळे आलेली आकडी आहे, या वयात येते, बहुतेक मुलांना पुढे काही त्रास राहत नाही, असं त्यांनी सांगितलं. आईचा जीव भांड्यात पडला. ती माझा हात धरून रडली, आणि मलाही बरं वाटलं. मुलगा ठीक आहे, यापेक्षा मोठं काय असतं.

परतताना मात्र आचाऱ्याचा मुलगा डोक्यातून जाईना. त्याला ताप नसताना आकड्या येतात, म्हणजे तज्ज्ञाची गरज याच्यापेक्षा त्याला जास्त. तो महिनाभर वाट बघतोय आणि हा दीड तासात पोहोचला. पुण्याच्या आईबापांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना मिळालं ते प्रत्येक आईबापाला मिळायला हवं, इतकंच माझं म्हणणं आहे.

रात्री 8

ब्रह्माघाटावरच्या अप्पांकडे. वेदपाठी घराणं, वय पंचाहत्तर. ऑक्टोबर 2024 मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागलं. अप्पांचं कार्ड मीच काढून दिलं होतं. ते त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवलंय.

"अगं, हे माझ्या नातीला चालत नाही का?" त्यांनी विचारलं. नात तीन वर्षांची आहे, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कार्ड ज्याचं त्याचंच, घरातल्या सत्तरीखालच्या कुणाला त्यातलं काही मिळत नाही. मुलगा पौरोहित्य करतो. 2011 च्या यादीत नाव नाही, अंत्योदय रेशनकार्ड नाही, नोकरी नाही म्हणून ईएसआय नाही, पॉलिसीचा हप्ता झेपत नाही. अशा लोकांवर नीती आयोगाने ऑक्टोबर 2021 मध्ये एक अहवाल काढला. देशातले किमान 30 टक्के, म्हणजे 40 कोटी लोक कुठल्याच आरोग्य विम्यात नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. त्या 40 कोटींत मुलं किती याची वेगळी चर्चा मी फारशी ऐकली नाही. मुलांना मत नसतं.

अप्पांना कार्ड मिळालं याचा मला आनंद आहे. पण सत्तरीच्या माणसाला वयावरून मिळू शकतं, तर तीन वर्षांच्या मुलीलाही वयावरून मिळू शकतं. बापाची यादी, बापाचा पगार, बापाचा ठेकेदार, यांपैकी काहीही न विचारता, जन्मदाखल्याबरोबरच, अठरा वर्षांपर्यंत, आणि ओपीडीसकट. मी हे आमदारांच्या कार्यालयात लिहून दिलंय, जिल्हा रुग्णालयातल्या बैठकीत बोललेय, इथेही लिहितेय.

नातीसाठी मात्र वाट आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांखालच्या बहिऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळतं आणि त्या कामाची सूत्रं मुंबईत, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहेत. उत्पन्नाचा दाखला, कानाच्या तपासण्या, एमआरआय आणि ऑपरेशननंतर बोलायला शिकवण्याची तयारी, एवढं लागेल. वहिनींनी, म्हणजे नातीच्या आईने, सगळे कागद पाटावर मांडले. एमआरआयची तारीख तेवढी नाही. ती ओपीडीतूनच घ्यावी लागेल.

रात्री 9.30

फाइली पुन्हा लावल्या. नावाड्याच्या मुलीचं प्रतिज्ञापत्र लिहून ठेवलं, अलीगढसाठी जिल्ह्याच्या कार्यालयाला द्यायचं पत्रही. खारघरला ई-मेल गेला, इकोची चित्रं जोडून. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाचा रक्ताचा अहवाल परवा येईल. लहरतारा इथल्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयात, म्हणजे मुंबईच्या टाटा स्मारकाच्या इथल्या शाखेत, उपचार चालू असलेल्या, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला उद्या रक्त लागणार आहे. दाता ठरला.

शेवटचा फोन ठेकेदाराला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. चार महिन्यांची वर्गणी भरायची राहिलीय हे मी सांगितलं, तारखा वाचून दाखवल्या, मुलाला आज सकाळी पुन्हा झटका आला हेही सांगितलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, उद्या अकराला चलन काढून देतो. मी त्याच्या कार्यालयाचा पत्ता लिहून घेतला आणि आचाऱ्याला निरोप पाठवला की साडेदहाला तिथे भेट, मुलालाही बरोबर आण, तिथून थेट पांडेपूरला जाऊ.